मांडेवाल्या ताई, सुरतेहून आलेली बाटली आणि चीनची एक वेल

ही केस मी सविस्तर लिहून ठेवतोय कारण यातलं औषध खोटं नव्हतं. भेसळीच्या पुड्या, स्टिरॉइड घातलेलं चूर्ण, वाताची काळी गोळी हे सगळं आमच्या चोपडा तालुक्याच्या बाजूला काही नवीन नाही, मेडिकल टाकून एकोणीस वर्षं झाली, तोंड सुजलेलं आणि शुगर वाढलेलं गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की अर्धं उत्तर मला तिथंच कळतं. इथं तसं काहीच नव्हतं. इथं औषधानं खरंच काम केलं आणि त्यामुळेच सहा महिने कोणाला संशय आला नाही, मलाही नाही.

पेशंट म्हणजे तापीकाठच्या एका गावातल्या ताई, वय ३७, दोन मुलं, दोन एकर केळी आणि वर खापरावरच्या मांड्यांच्या ऑर्डरी. नाव देत नाही, पण लिहायची परवानगी त्यांनी दिलीय, उलट म्हणाल्या लिहा भाऊ, कोणाच्या तरी कामाला येईल. मांडे म्हणजे काय हे खान्देशाबाहेरच्यांना सांगायला पाहिजे, कारण आजाराचं सगळं गणित तिथंच आहे. कणीक भरपूर पाणी लावून लावून इतकी तिंबायची की ती रबरासारखी ताणली जाते, मग पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर घेऊन मनगटं फिरवत फिरवत कोपरापर्यंत पसरेल एवढा मोठा करायचा आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या खापरावर टाकायचा. बोटांची पेरं, मुठीचे सांधे आणि मनगट, हे तीन शाबूत नसले तर मांडा होत नाही. आणि संधिवात, म्हणजे डॉक्टर ज्याला रुमेटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात तो, नेमका हे तीनच आधी धरतो.

त्यांचं सुरू झालं दोन पावसाळ्यांपूर्वी. सकाळी उठल्यावर तासभर मूठ वळायची नाही. "भाऊ, सकायले मूठच वयत नही, तांब्या धराले जीव जास," असं त्या काउंटरवर हात पुढे करून दाखवायच्या, आणि मी बघितलं तर दोन्ही हातांच्या मधल्या सांध्यांवर सूज, दोन्ही बाजूंना सारखी. एका बाजूचं दुखणं कामाचं असू शकतं, पण दोन्ही हात सारखे सुजले आणि सकाळी तासभर आखडले तर पेनकिलर देऊन परत पाठवायचं नसतं. मी त्यांना जळगावला पाठवलं. तिथं रुमेटॉइड फॅक्टर पॉझिटिव्ह, अँटी सीसीपी जास्त, या दोन्ही या आजाराच्या रक्तातल्या खुणा, आणि अंगातली सूज दाखवणारे दोन आकडे पण वाढलेले, ईएसआर ५८, सीआरपी ३१. डॉक्टरांनी मेथोट्रेक्झेट आठवड्यातून एकदा, त्यासोबत फॉलिक ॲसिड, एचसीक्यू म्हणजे हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन रोज, आणि सुरुवातीला थोडे दिवस थोडं स्टिरॉइड असं नीट, पुस्तकात आहे तसं दिलं.

तीन महिने घेतलं. रविवारी गोळी घेतली की सोमवारी दिवसभर मळमळ, उलटी, जेवण जायचं नाही. त्यात गावात कोणीतरी मोबाइलवर शोधून सांगितलं की ही कॅन्सरची गोळी आहे. मेथोट्रेक्झेट मोठ्या डोसमध्ये कॅन्सरला देतात हे खरंच आहे, पण संधिवातात आठवड्याला १० ते २५ मिलिग्रॅम हा वेगळाच हिशोब आहे आणि जगभर संधिवाताला सगळ्यात आधी हीच गोळी देतात. हे त्यांना कोणी समजावलं नाही, मी पण नाही. स्ट्रिप दिली, पैसे घेतले, मळमळ होते का हे विचारलंच नाही. दिवाळीनंतर त्यांनी मेथोट्रेक्झेट आणि एचसीक्यू दोन्ही बंद केलं आणि मला वाटत राहिलं की दुसरीकडून घेत असतील.

जानेवारीत भाचा सुरतेहून आला, तिकडे उधन्याला लूमवर आहे, आपल्याकडची निम्मी पोरं तिकडेच. त्यानं मावशीसाठी एक बाटली आणली, ऑनलाइन मागवलेली, वर हिरवी पानं आणि चिनी अक्षरं. सकाळी दोन संध्याकाळी दोन कॅप्सूल. भाचा शिकलेला आहे, त्यानं मावशीला सांगितलं की चीनच्या जडीबुटीला नोबेल मिळालंय, आपल्याकडचे डॉक्टर सांगत नाहीत. नोबेलचं अर्धं खरं आहे. तू यूयू या बाईंना २०१५ साली मिळालं, पण ते मलेरियाच्या औषधाला, चिंगहाव नावाच्या वनस्पतीतून आर्टिमिसिनिन वेगळं काढलं त्याला, आणि वेगळं काढून, मोजून, डोस ठरवून मग ते जगाला मिळालं. या बाटलीत ती वनस्पती नव्हतीच.

पण फरक पडला, आणि असा पडला की बघत राहावं. होळीपर्यंत हाताची सूज निम्म्यावर. सकाळचं आखडणं तासाचं दहा मिनिटांवर. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्यांनी दोन दिवस लागोपाठ ऑर्डरीचे मांडे केले आणि आमच्या घरी चार पाठवले. मी स्वतः त्यांचे हात बघितले, मुठीच्या वरचे सांधे, जिथं आधी खड्डेच दिसत नव्हते, तिथं परत खड्डे दिसत होते.

तेव्हा माझ्या डोक्यात पहिला विचार आला स्टिरॉइडचा. म्हणून मी दुकानातच बीपी बघितलं, ११८/७६. शुगर नॉर्मल. तोंड गोल झालेलं नाही, वजन वाढलेलं नाही, उलट किलोभर कमी. म्हटलं स्टिरॉइड नाही, मग मेथोट्रेक्झेटच लागू पडलं असेल, आणि विषय सोडून दिला. बाटलीबद्दल त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. माझी चूक इथं झाली, स्टिरॉइड नाही म्हणजे काहीच नाही असं मी धरून चाललो.

आषाढात त्या दुपारी आल्या, दुपारी काउंटरला माझी बायको बसते. मला जे कधीच सांगितलं नसतं ते तिला सांगितलं. "वहिनी, चार महिने व्हई ग्यात, पाळीच नही उनी." दिवस गेले असतील म्हणून घरी टेस्ट केलेली, निगेटिव्ह. रात्री घामाघूम व्हायला होतं, झोप लागत नाही, थकवा. सासूबाई, ज्यांना सगळे जिजी म्हणतात, त्यांनी सांगितलं होतं की तुझं लवकर गेलं, माझ्या नणंदेचं पण असंच गेलं होतं. बायकोनं एकच प्रश्न विचारला जो मी विचारायला पाहिजे होता, डॉक्टरच्या गोळीशिवाय अजून काय काय घेता? दुसऱ्या दिवशी बाटली आली.

बाटलीवर पुढच्या बाजूला नुसतं सांध्यांचं चित्र. मागं मोहरीएवढ्या अक्षरात वनस्पतीचं शास्त्रीय नाव, ट्रिप्टेरिजियम विल्फोर्डी, मुळाचा अर्क. किती मिलिग्रॅम ते नाही, त्यातला मुख्य घटक किती ते नाही, बॅच नंबर पुसट. चिनी भाषेत हिला लेइ गोंग थेंग म्हणतात, लेइ गोंग म्हणजे मेघगर्जनेचा देव आणि थेंग म्हणजे वेल. ते नाव वाचलं आणि मी खुर्चीत बसलो, कारण ही वेल मी बी.फार्मला असताना वाचली होती आणि पाळीचं कोडं त्याच क्षणी सुटलं.

आता ही वेल काय चीज आहे ते सांगतो, कारण हे समजलं नाही तर नुसतंच चायनाचा माल वाईट एवढंच डोक्यात राहील, आणि ते खरं नाही. दक्षिण चीनमध्ये ही वेल सांधेदुखीसाठी वापरतात, पण तिथले लोक तिला पहिल्यापासून विषारी म्हणूनच ओळखतात, भाजीवरची कीड मारायला तिची पूड वापरायचे. पानं, फुलं, मुळाची साल यात विष जास्त, म्हणून साल पूर्ण काढून आतलं लाकूडच औषधाला घ्यायचं अशी पद्धत. १९७२ साली अमेरिकेत मॉरिस कुपचान आणि त्यांचे सहकारी ल्युकेमियावर औषध शोधत असताना यातून ट्रिप्टोलाइड नावाचा घटक वेगळा काढला. दुसरा महत्त्वाचा घटक सेलास्ट्रॉल, लालसर रंगाचा. सूज कमी करायचं काम मुख्यतः हे दोघं करतात.

संधिवातात होतं काय की आपलीच प्रतिकारशक्ती सांध्याच्या आतल्या अस्तरावर चालून जाते, तिथल्या पेशी टीएनएफ अल्फा, इंटरल्यूकिन १, इंटरल्यूकिन ६ असे निरोप सोडत राहतात, त्या निरोपांवर आणखी पेशी जमतात, अस्तर जाड होतं, सुजतं आणि हळूहळू कूर्चा आणि हाड कुरतडतं. पेशीला हे निरोप बनवायचे असतील तर आधी आतला एनएफ कप्पा बी नावाचा स्विच चालू व्हावा लागतो. सेलास्ट्रॉल या स्विचच्या आधीच्या एका एन्झाइमला चिकटतं आणि स्विच चालू होऊ देत नाही. ट्रिप्टोलाइडचं काम याहून खोलवर. २०११ साली कळलं की ते एक्सपीबी नावाच्या प्रोटीनला कायमचं चिकटून बसतं, आणि हे प्रोटीन म्हणजे डीएनएची गाठ उकलून त्याची नक्कल काढायच्या यंत्रातला भाग, कुठलंही प्रोटीन बनवायचं तर ही नक्कल आधी लागतेच. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर बाकीची औषधं एकेका मोटरीचा स्टार्टर बंद करतात, हे गावच्या ट्रान्सफॉर्मरजवळच्या डीपीवरचा फ्यूजच काढतं. सूज आणणाऱ्या निरोपांच्या नकला फार लवकर विरतात, सारख्या नव्या लागतात, म्हणून फ्यूज निघाला की पहिल्या त्या मोटरी थांबतात आणि सूज उतरते. पण त्याच डीपीवर बोनमॅरो आहे जिथं रोज रक्ताच्या पेशी तयार होतात, लिव्हर आहे, आणि बाईच्या अंडाशयातल्या बीजाभोवतीच्या पेशी आहेत ज्या इस्ट्रोजेन बनवतात. डोस थोडा वर गेला की त्या मोटरी पण बसतात.

म्हणजे ज्या कारणानं ताईंची सूज उतरली त्याच कारणानं त्यांची पाळी गेली. दोन वेगळ्या गोष्टी नाहीत त्या. पुरुषांचं पण तसंच, १९८० च्या दशकात चीनमध्ये लक्षात आलं की संधिवातासाठी ही वेल घेणाऱ्या पुरुषांचे शुक्राणू फार कमी होतात, आणि मग पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून हिच्यावर संशोधन सुद्धा झालं.

आणि काम किती करते याचे आकडे पण प्रामाणिकपणे सांगितले पाहिजेत. २००९ साली अमेरिकेतला एक अभ्यास छापून आला, १२१ पेशंट, २४ आठवडे, एका गटाला या वेलीच्या मुळाचा शुद्ध केलेला अर्क, दुसऱ्याला सल्फासालाझिन हे संधिवाताचंच औषध, आणि ठराविक सुधारणा अर्कवाल्या गटात ६५ टक्के, सल्फासालाझिनवाल्यात ३३ टक्के. मधेच सोडून जाणारे दोन्हीकडे खूप होते हे त्याचं लंगडं अंग. मग २०१५ साली चीनमधून मोठा अभ्यास आला, २०७ पेशंट, तीन गट, नुसतं मेथोट्रेक्झेट, नुसती वेल, आणि दोन्ही मिळून. सहा महिन्यांनी आजार निम्म्यानं कमी झालेले पेशंट अनुक्रमे ४६, ५५ आणि ७७ टक्के. हे आकडे बघून कोणालाही मोह होईल, मला पण होतो. पण या अभ्यासांत अर्क मोजलेला होता, दर काही आठवड्यांनी रक्त तपासलं जात होतं, आणि ज्या बाईला मूल पाहिजे तिला घेतलंच नव्हतं. ताईंच्या बाटलीत यातलं एकही नव्हतं. ब्रिटनच्या औषध खात्यानं २०११ मध्ये लोकांना ही वेल वापरू नका म्हणून इशारा दिला होता.

परत केसकडे येतो. बाटली त्याच दिवशी बंद केली आणि जळगावला परत पाठवलं, या वेळी मी सोबत चिठ्ठी लिहून दिली आणि बाटलीचा फोटो जोडला. रिपोर्ट असे आले. सीआरपी ६, ईएसआर २२, म्हणजे संधिवात खरंच दबलेला. पण पांढऱ्या पेशी ३,२००, हिमोग्लोबिन १०.४, दोन्ही कमी, आणि लिव्हरचा आकडा एसजीपीटी १२८, वाढलेला. क्रिएटिनिन ०.८, किडनी वाचली होती. थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन नॉर्मल, प्रेग्नन्सी नाही, आणि एफएसएच ४६. हा एफएसएच म्हणजे मेंदू अंडाशयाला मारत असलेली हाक, अंडाशय ओ देत नसलं की हाक वाढत जाते, सदतिसाव्या वर्षी ४६ म्हणजे अंडाशय गप्प झालेलं.

ताईंनी डॉक्टरांना विचारलं परत येईल का. डॉक्टरांनी खोटी आशा दाखवली नाही. जितकं वय जास्त आणि जितके महिने जास्त घेतलं तितकी पाळी परत यायची शक्यता कमी, चाळिशीच्या पुढे बऱ्याच जणींची कायमची जाते, तुमचं वय मधलं आहे आणि सहा महिने झालेत, बघू. घरी येताना त्या बसमध्ये रडल्या असं जिजींनी सांगितलं. मुलं दोन आहेत, तिसरं नको होतं, तरी रडल्या. ते मला बायकोनं समजावलं, मला आधी कळलं नव्हतं.

पुढचे दोन महिने सगळ्यात अवघड गेले, आणि याबद्दल कोणी लिहित नाही. वेल बंद केली की तिसऱ्या आठवड्यात सूज परत आली, जोरात, सीआरपी २७. लिव्हर सुजलेलं असताना मेथोट्रेक्झेट लगेच सुरू करता येत नव्हतं. एचसीक्यू आणि थोडं स्टिरॉइड यावर ते दिवस ढकलले. या काळात ताई दोनदा म्हणाल्या, भाऊ ती बाटली परत द्या, पाळी तशी पण गेलीच आहे, निदान हात तरी चालतील. मी त्यांना वेड्यात काढू शकलो नाही. ज्या बाईचं घर हातांवर चालतं तिचा हिशोब असाच असणार. मी फक्त पांढऱ्या पेशींचा आकडा परत दाखवला, की हा अजून खाली गेला तर साधा ताप पण झेपणार नाही, आणि बाटली दिली नाही.

दोन आठवड्यांनी पांढऱ्या पेशी ३,९००, सहा आठवड्यांनी ५,१०० आणि एसजीपीटी ३६. मग मेथोट्रेक्झेट परत सुरू केलं पण गोळी नाही, इंजेक्शन, पोटाच्या कातडीखाली, शनिवारी रात्री जेवणानंतर. आतड्यातून जात नसल्यानं बऱ्याच जणांना मळमळ कमी होते. ताईंना फक्त रविवारी सकाळी थोडं जड वाटतं, बस. हे इंजेक्शन आधीच दिलं असतं तर सुरतेची बाटली घरात आलीच नसती, असं मला रोज वाटतं. आता मेथोट्रेक्झेट नेणाऱ्या प्रत्येकाला मी दोन प्रश्न विचारतो, मळमळ होते का, आणि अजून काय घेता. दुसरा प्रश्न बायांना माझी बायको विचारते.

औषधाचा दुष्परिणाम कळवायचा फॉर्म भरला. देशात यासाठी फार्माकोव्हिजिलन्स प्रोग्राम आहे, गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडे, टोल फ्री नंबर १८००१८०३०२४, हा फॉर्म साधा मेडिकलवाला किंवा पेशंट स्वतः सुद्धा भरू शकतो आणि आपल्याकडे कोणीच भरत नाही. फॉर्म भरताना प्रश्न येतो की हे त्याच औषधानं झालं कशावरून. मी शक्यता "प्रोबेबल" धरली. औषध सुरू होतं तेव्हा झालं, बंद केल्यावर सुधारलं, मेथोट्रेक्झेट त्याआधीच सुटलेलं होतं, दुसरं कारण सापडलं नाही. "सर्टन" धरलं नाही कारण परत औषध देऊन बघणं हा गुन्हा झाला असता, आणि बाटलीत प्रत्यक्षात किती ट्रिप्टोलाइड होतं ते लॅबमधून तपासून आलेलं नाही.

एक प्रश्न जिजींचा. त्या वर्षानुवर्षं मालकांगोणीचं तेल गुडघ्याला चोळतात, सातपुड्यातल्या पावरा बाया बाजाराला बी आणतात ते घेऊन. मी बोलता बोलता सांगितलं की ही चिनी वेल आणि आपली मालकांगोणी एकाच कुळातल्या, वनस्पतीशास्त्रात त्या कुळाला सेलास्ट्रेसी म्हणतात, सेलास्ट्रॉल हे नाव पण तिथलंच. जिजी घाबरल्या, मंग हाई बी जहर शे का? मी म्हटलं, एका कुळातले म्हणून स्वभाव एक नसतो, बटाटा आणि धोत्रा पण एकाच कुळातले, आणि वर ट्रिप्टोलाइड हे त्या चिनी वेलीचं वैशिष्ट्य. बियांचं तेल बाहेरून चोळा, पोटात घेऊ नका, आणि मुळाची साल कोणी उकळून प्यायला सांगितली तर आधी मला विचारा. तेल चोळल्यानं त्यांना बरं वाटतं ते मला काढून घ्यायचं नाहीये.

भाच्याला मी फोन केला. तो बिचारा खचला होता, मावशीचं मी वाटोळं केलं म्हणत होता. त्याला म्हटलं तू मायेनं आणलंस, आता एक काम कर, ती बाटली तुझ्याबरोबर अजून कोणी मागवली ते आठव. तर त्याच्या खोलीतल्या जोडीदारानं आपल्या बायकोसाठी घेतली होती, कंबरदुखीसाठी, वय २६, लग्नाला दोन वर्षं आणि घरचे मूल कधी म्हणून मागे लागलेले. तिला संधिवात नव्हताच. तिनं दीड महिना घेतली होती. बंद केली, रक्त तपासलं, पेशी आणि लिव्हर दोन्ही ठीक निघालं, आणि तिकडच्या बायांच्या डॉक्टरीणबाईंना बाटलीचा फोटो दाखवायला सांगितलं.

बाटली बंद केल्यापासून पाचव्या महिन्यात ताईंची पाळी आली. बायकोला फोन आला सकाळी साडेसहाला, दुकान उघडायच्या आधी. त्यानंतर दोन वेळा आली, एकदा चुकली, परत आली, एफएसएच १४ वर उतरला. सीआरपी आता ८, वेलीवर असताना ६ होता. सकाळचं आखडणं वीस मिनिटं राहतं. यंदाच्या आखाजीला त्यांनी निम्म्याच ऑर्डरी घेतल्या, कणीक तिंबायला जावेला बसवलं आणि हातावर फिरवायचं काम तेवढं स्वतःकडे ठेवलं.